डोळे उघडून देणारा पेंटर

मुखेड तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत कधी गेलात तर भिंती बघा. वाघ झोपलेला, ससा झोपलेला, हत्तीनं तर उभ्याउभ्याच डोळे मिटलेले. एका मुख्याध्यापकांनी तक्रार केली की साहेब तपासणीला येतात तेव्हा आमची शाळाच पेंगते आहे असं वाटतं. पेंटरनं शांतपणे ऐकून घेतलं आणि पुढच्या वर्षी त्याच शाळेत झोपलेली शेळी काढून दिली.

हा पेंटर म्हणजे संघपाल सोनकांबळे. साठीच्या आसपासचे, सडपातळ, नखांत कायम निळा रंग अडकलेला. जनावरं झोपलेलीच का, असं विचारलं की म्हणायचे, लेकरं दिवसभर शाळेत दमतात, जनावरांना तरी निजू द्या. मला ते उत्तर आवडायचं. त्यामागं दुसरं काही असेल असं माझ्या मनातही आलं नाही, आणि मी स्वतःला मोठी चौकस समजते.

फ्लेक्स येण्याआधी संघपालभाऊंचं नाव वेगळ्याच कामासाठी होतं. त्या काळी खेड्यात एखादं लेकरू गेलं तर घरात त्याचा फोटोच नसायचा. मग तालुक्याहून फोटोग्राफर आणायचा, गेलेल्या लेकराला टेकवून बसवायचं आणि एक फोटो काढून घ्यायचा. मिटल्या डोळ्यांचा तो फोटो भिंतीवर लावायला आईचं मन धजत नाही. म्हणून माणसं तो फोटो संघपालभाऊंकडं घेऊन यायची. ते त्यावर चौकोन पाडून चेहरा मोठा करायचे, गालांवर रंग चढवायचे आणि डोळे उघडून द्यायचे. तीन तालुक्यांत त्यांची ओळख तीच होती. पुढं त्यांनी हे काम एकाएकी सोडलं, एवढंच मला माहीत होतं.

आता माझ्याबद्दल. नांदेडला आमचं मुलांचं वाचनालय आहे. तिथली ग्रंथपाल मी, झाडू मारणारी मी आणि समितीशी भांडणारी चिटणीसही मीच. दरवर्षी आम्ही मराठी चित्रपुस्तकांना चित्रांसाठी पुरस्कार देतो. आजवर परीक्षक सगळे पुण्याचे यायचे, चहा घ्यायचे आणि ‘ग्रामीण बाज छान जमलाय’ असं म्हणून जायचे. ते वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरायचं. दोन वर्षांपूर्वी मी हट्ट धरला की तिघांपैकी एक परीक्षक संघपालभाऊ असतील. समितीनं नाकं मुरडली. भिंती रंगवणारा माणूस पुस्तकं काय तपासणार, असं एक जण म्हणाला. मी म्हटलं, तुमची पुस्तकं कपाटात असतात, ह्यांच्या भिंती लेकरं रोज बघतात, तेव्हा जरा गप्प बसा.

परीक्षणाला एकेचाळीस पुस्तकं होती. कुणाचं पुस्तक ते कळू नये म्हणून नावांवर मी कागद चिकटवले होते. पुण्याहून एक चित्रकार बाई आल्या होत्या आणि लातूरहून शिवशंकर सर, निवृत्त चित्रकला शिक्षक, पट्टी लावून चित्र तपासणारे. दोघं टेबलाशी बसून पानं उलटत होते. संघपालभाऊ मात्र पुस्तक खिडकीत उभं करायचे, दहा पावलं मागं जायचे आणि तिथून बघायचे. मग जवळ येऊन जमिनीवर मांडी घालायचे आणि लेकराच्या उंचीवरून पुन्हा बघायचे. पुण्याच्या बाई आधी हसल्या. दुपारपर्यंत त्याही जमिनीवर बसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक पुस्तक उघडून संघपालभाऊ खिडकीशी उभे राहिले ते हललेच नाहीत. गोष्ट साधी होती. घरातली थोरली मुलगी चार वर्षांची असताना गेलेली, तिचं चित्र भिंतीवर. धाकटी एकटी असली की ती चित्रातून खाली उतरते. धाकटीसोबत तीही वाढते. शाळेत जाते, सायकल शिकते, एसटीनं कॉलेजला जाते, शेवटच्या पानावर तिच्या कडेवर लेकरू असतं. चित्रं फार ताकदीची होती. पण त्या मुलीचे डोळे बघून मला कसंतरीच व्हायला लागलं. खोलीत कुठंही उभी राहिले तरी ती माझ्याकडंच बघायची. शेवटी मी ते पुस्तक टेबलावर पालथं घातलं.

पुण्याच्या बाईंना हे पुस्तक पहिलं यावं असं वाटत होतं. शिवशंकर सरांनी दोन चुका काढल्या. पहिली, मुलीच्या डाव्या डोळ्याच्या पांढऱ्या भागात मोहरीएवढा तपकिरी ठिपका पानोपानी आहे, हा छपाईचा डाग दिसतो. दुसरी जास्त मोठी. मुलगी चाराची पंचवीस वर्षांची होते, चेहरा बदलतो, पण डोळे चार वर्षांचेच राहतात. आणि ते ह्या चेहऱ्याचे वाटतच नाहीत, दुसऱ्याच कुणाचे तरी आणून बसवल्यासारखे वाटतात. पट्टी लावणारा माणूस असला तरी नजर खोटी नव्हती त्यांची.

एकास एक मतं पडली होती आणि निकाल संघपालभाऊंवर होता. दुपारी दोघं जेवायला गेल्यावर त्यांनी त्यांचा गुणांचा कागद माझ्या हातात दिला. चाळीस पुस्तकांना गुण होते, त्या एका पुस्तकाची ओळ कोरी. कागदाच्या तळाशी छापलेलं असतं, ‘या स्पर्धेत माझे कोणीही नातेवाईक नाहीत’, आणि खाली सहीची जागा. त्यांनी ते वाक्य खोडलं होतं.

मी चिडलेच. कोण नातेवाईक, म्हणून विचारलं.

‘‘माझी पोरगी हाय त्या पुस्तकात,’’ ते म्हणाले.

‘‘तुम्हाला कुठं पोरगी आहे?’’ मी बोलून गेले. उचलली जीभ लावली टाळ्याला. नवरा-बायको दोघंच राहतात हे मला माहीत होतं, त्याच्या पलीकडं कधी विचारलं नव्हतं.

मग त्यांनी सांगितलं. सत्तावीस वर्षांपूर्वी मुखेडजवळच्या एका गावातून व्यंकटी नावाचा माणूस आला होता. पोरगी गेली होती, चार वर्षांची. फोटोत डोळे मिटलेले. डोळे कसे होते, आईवर की तुमच्यावर, असं ह्यांनी विचारलं, तर व्यंकटीला सांगता येईना, तो नुसता रडत राहिला. आई सरजाबाई अंथरुणाला खिळलेली, कुणाशी बोलत नव्हती. संघपालभाऊंना काम शिकवलेले नांदेडचे वाजिदचाचा बजावून गेले होते, ‘‘जिंदे की आँख मरे सो को नक्को देना रे.’’ जित्या लेकराचे डोळे गेलेल्याला द्यायचे नाहीत; द्यायचे तर आईबापाच्या वळणाचे, नाहीतर कॅलेंडरवरच्या बाळाचे. पण संघपालभाऊ असल्या गोष्टी न मानणाऱ्या घरातले. त्यांच्या बापानं छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतली ती हे सगळं सोडण्यासाठीच. ते चाचांना हसायचे. त्यांची महामाया तेव्हा चारच वर्षांची होती. तिला त्यांनी अंगणात डब्यावर बसवलं, लिंबावरचा कावळा बघत राहा म्हणून सांगितलं, आणि दोन सकाळी बसून तिचे डोळे त्या चित्रात काढले. डाव्या डोळ्यातला ठिपकासुद्धा. ठिपका काढला नसता तर डोळ्यांत जीव आला नसता, असं ते म्हणाले.

आठ महिन्यांनी महामाया गेली. ताप डोक्यात चढला, नांदेडला दवाखान्यात आणेपर्यंत उशीर झाला होता. तिचा एकही फोटो नव्हता. येत्या जयंतीला पांढरा फ्रॉक शिवून स्टुडिओत जायचं ठरलं होतं, जयंतीला दोन महिने होते. तालुक्यातल्या गेलेल्या लेकरांना भिंतीवर आणणाऱ्या माणसाच्या घरातली भिंत कोरी राहिली. बायकोनं किती विनवलं तरी ह्यांना तिचं चित्र काढता आलं नाही.

‘‘मी इज्ञान मानणारा माणूस हाय, बाई. ताप आला, पोर गेली. डोळ्याचा काय संबंध? हजार बार मनाला सांगितलं. पर ब्रश डोळ्यापशी गेला की हात थांबायचा. अजून थांबतोय.’’

झोपलेला वाघ, झोपलेला ससा, सगळे माझ्या डोळ्यांसमोर आले. मला रडू फुटलं आणि ते लपवायचीही मला लाज वाटली नाही.

त्यांची ओळ कोरी राहिली म्हणून ते पुस्तक पहिल्यावरून दुसऱ्या क्रमांकावर गेलं. ह्याचा मला अजून राग आहे. त्यांना ते पहिलं यायला हवं होतं, मला त्यांच्या तोंडावर दिसत होतं. तरी त्यांनी गुण दिले नाहीत. आपल्या लेकीला आपणच पहिला नंबर द्यायचा नसतो, म्हणाले. निकाल लागल्यावर मी नावांवरचे कागद काढले. चित्रं मंजुश्री नावाच्या मुलीची होती, लातूरला चित्रकला शिकलेली. व्यंकटी आणि सरजाबाईची धाकटी, थोरली गेल्यानंतर जन्मलेली. थोरलीला तिनं फक्त भिंतीवर पाहिलेलं.

समारंभाला महिनाभर होता. ह्या महिन्यात संघपालभाऊ दर दोन-चार दिवसांनी वाचनालयात यायचे आणि ते पुस्तक मागायचे. मी समोर ठेवायची आणि दुसऱ्या खोलीत जायची, मला तिथं बसवत नसे. एकदा डोकावले तर सायकलच्या पानावर हात ठेवून बसले होते. ‘‘इथं धा वर्षांची हाय,’’ म्हणाले. कधी वाटायचं त्यांना त्यात सुख मिळतंय, कधी वाटायचं हे पुस्तक त्यांचा जीव घेणार. एक दिवस त्यांनी सांगून टाकलं की समारंभाला सरजाबाई येतील तेव्हा ते तिला खरं सांगणार. ती माय सत्तावीस वर्षं दुसऱ्याच्या पोरीकडं बघून राहिली, आपण तिला फसवलं, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं.

मी सोडलं नाही. म्हटलं, त्या बाईकडं लेकीचं म्हणून तेवढंच आहे. तुमच्या मनावरचं ओझं उतरावं म्हणून तिच्या भिंतीवरचे डोळे काढून नेणार का? त्यांनी पुस्तक मिटून माझ्याकडं दिलं. पण माझं ऐकलं नाही हे मला कळलं.

समारंभ झाला. मंजुश्रीनं बक्षीस घेतलं, फोटो झाले, सगळे खाली चहाला गेले. सरजाबाई गुडघ्यांमुळं जिना उतरायला नको म्हणून वरच बसून राहिल्या. नऊवारी, कपाळ मोकळं; व्यंकटी जाऊन पाच वर्षं झाली होती. संघपालभाऊ ते पुस्तक हातात घेऊन त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसले. मी दाराशीच थांबले.

‘‘अक्का, तुमच्या पोरीचं चित्र म्या काढलं होतं,’’ त्यांनी सुरुवात केली. ‘‘एक सांगायचं राहिलंय. ते डोळे—’’

‘‘माझ्या लेकीचे न्हाईत,’’ सरजाबाई म्हणाल्या. ‘‘म्हाईत हाय मला. चित्र घरी आणलं त्याच दिवशी कळलं. आईला कळत न्हाई व्हय? ह्यांना कधी बोलले न्हाई, मंजूलाबी न्हाई.’’

त्या पुढं सांगत राहिल्या.

‘‘पयलं लई राग आला तुमचा. मग इचार केला, कॅलेंडरात बघून काढलेले न्हाईत हे. कुन्या जित्या लेकराचे हायत. तवापसून रोज दिवा लावते तवा म्हन्ते, माझी तर गेली, पर ज्या लेकराचे डोळे हायत ते सुखात राहू दे. एक दिस चुकले न्हाई.’’ त्या थोडं पुढं वाकल्या. ‘‘तुमचीच हाय ना ती? कशी हाय?’’

मी संघपालभाऊंना वीस वर्षं ओळखते. गुणांच्या कागदावरसुद्धा खोटी सही न करणारा हा माणूस. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग हातातल्या पुस्तकाकडं.

‘‘हाव, माझीच. बरी हाय,’’ ते म्हणाले. ‘‘मोठी झाली.’’

‘‘शिकली?’’

‘‘हाव. सायकलवर जायची शाळेला. मग एसटीनं कॉलेजला.’’

‘‘लगीन?’’

‘‘झालं. एक लेकरू हाय.’’

सरजाबाईंचा चेहरा उजळला. तिथं उजेड पडल्यासारखं झालं, दुसरं काय सांगू. सत्तावीस वर्षं केलेलं मागणं कुठंतरी पोचलं होतं. त्यांनी संघपालभाऊंच्या हातावर हात ठेवला आणि आपल्याकडच्या बायका विचारतात तसं विचारलं, ‘‘कुनावर गेलंय लेकरू?’’

‘‘डोळे आईचे घेतलेत,’’ संघपालभाऊ म्हणाले, आणि त्यापुढं त्यांना बोलता आलं नाही.

सरजाबाईंना वाटलं, लांब दिलेल्या लेकीची बापाला आठवण आली असेल. त्या त्यांच्या हातावर थोपटत राहिल्या आणि म्हणाल्या, ‘‘येईल की भेटायला.’’