साठ अंशांचं घर

अमेरिकेत अ‍ॅशबर्नला आमच्या शेजारी नागपूरचा एक इंजिनीअर राहायचा. हिवाळ्यात बिल वाचवायला तो घर साठ अंशांवर ठेवायचा. "मावशी, आपल्या नागपुरात पंचेचाळीसला अंग भाजतं, इथे तर साठ आहे!" असं म्हणून स्वतःच हसायचा. इथले साठ फॅरनहाइटचे, म्हणजे आपले जेमतेम पंधरा-सोळा, नुसता गारठा, हे मला सुनेनं सांगितलं. आंघोळीचं गरम पाणीही तो निवेपर्यंत टबातून सोडत नसे. म्हणायचा, "वाफेचेही पैसे भरलेत."

एकदा त्याच्याकडे जेवताना माझे दात वाजायला लागले. मी म्हटलं, "बाबा रे, हीटर वाढव, नाहीतर मी ताटावरून उठते."

तो लगेच उठला, हीटरच्या बटणापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. मग परत येऊन त्यानं आपली कानटोपी काढून माझ्या डोक्यावर चढवली.

आजवर पुष्कळांनी मला टोपी घातली, पण ऊब त्या एकाच टोपीत होती.