लॅपटॉपची बडबड

टायपिस्टाला जन्मापासून दिसत नव्हतं. डॉक्टरांचं रेकॉर्डिंग ऐकून तो घरबसल्या रिपोर्ट टाइप करायचा आणि पडद्यावरचं सगळं लॅपटॉप त्याला बोलून दाखवायचा. यंत्र म्हातारं, चालू करून आंघोळ आटपून यावं, तरी घरघर चालूच. दिवसभर त्याची कटकट ऐकून वहिनीचं डोकं उठायचं. त्यात ग्रंथालयातल्या बाईंचं ई-पत्र आलं की भाऊजी आवाज बारीक करून कान स्पीकरला चिकटवत. दोघांच्या लग्नाचं घाटत होतं. भाऊजी गेले की चूल कशावर पेटणार? दादाने नोकरी सोडून सहा वर्षं झाली होती.

वहिनीचा भाऊ कॉम्प्युटरवाला. एका दुपारी त्याने लॅपटॉप पार धुऊन काढला आणि विंडोजच्या जागी त्यात हलकंफुलकं लिनक्स घातलं.

"दहा सेकंदांत चालू! बघा, कसा पळतोय!"

"मी बघू?" टायपिस्ट हसला. त्याने आवाजाची बटणं दाबली. एकदा, दोनदा, पाचदा. "हा बोलत का नाही?"

"ते बोलणं जड होतं हो. काढूनच टाकलं. ताईच म्हणाली."

"परत घाल ना, बाबा."

"आता गाडीची वेळ झाली. पुढच्या वेळी आलो की घालतो."

"एवढं काय त्यात, भाऊजी," वहिनी म्हणाली, "मी आहे ना, रिपोर्टही वाचेन, पत्रंही."

दोन दिवसांनी पत्र आलं. वहिनीने जेवणाच्या टेबलावर बाईंचा आवाज काढून वाचलं, "रविवारी तुमच्या घरी येऊ का? कळवा." दादाला हसताना ठसका लागला.

कानापर्यंत लाल होत टायपिस्टाने उत्तर सांगितलं. जरूर या. कुठल्या बसने, कुठे उतरायचं. कोपऱ्यावर इस्त्रीचं दुकान आहे, तिथे मी उभा असेन. पांढरी काठी लांबूनच दिसेल. आणि थोडं चाचरत, तुमचा आवाज मला फार आवडतो.

वहिनीने टाइप केलं. वीस वर्षं बटणांत गेलेला माणूस. त्याने सवयीने मोजलं. एवढ्या मजकुराला फक्त अकरा बटणं वाजली.

"पाठवलं," वहिनी म्हणाली.



"वहिनी, काय लिहिलंत ते एकदा वाचून दाखवा ना."

"दाखवते की."

आणि तिने बस, इस्त्रीचं दुकान, पांढरी काठी, सगळं त्याच्याच शब्दांत घडाघडा म्हणून दाखवलं. शेवटच्या वाक्यापाशी तीही चाचरली, अगदी त्याच्यासारखी.