एका टाकीत तीस दात

तुमच्या तोंडात दात किती आहेत, ते कधी मोजलंय? खरं सांगा, आरशाकडे न पळता. नाही ना? मग बत्तिशीमामांना हसायचा तुम्हाला काडीचा अधिकार नाही. त्यांना स्वतःचेच काय, अख्ख्या गल्लीचे दात पाठ आहेत. रस्त्यात कुणी भेटलं की ते चेहऱ्याकडे नंतर बघतात, आधी हसण्याकडे. "डावा सुळा सांभाळा," एवढंच बोलून पुढे निघतात आणि समोरचा माणूस संध्याकाळपर्यंत जिभेने सुळा चाचपत राहतो.

मामा कवळ्या करतात. डॉक्टर नव्हेत ते. डॉक्टरांकडून जबड्याचे साचे येतात. त्यावर मेण चढवायचं, दात बसवायचे, गुलाबी हिरड्या घडवायच्या आणि चाकावर धरून पॉलिश करायचं, हे मामांचं काम. नाव डॉक्टरांचं होतं, जेवण म्हाताऱ्यांचं होतं आणि मामांच्या नखांत प्लास्टर राहतं. पण त्यांच्या हातची कवळी सैल बसली म्हणून परत आली, असं आजवर झालेलं नाही, आणि हे वाक्य ते ओळख झाल्यावर पहिल्या पाच मिनिटांत ऐकवतातच.

घराची पुढची खोली हेच कारखान्याचं ठिकाण. एका भिंतीला लांब टेबल, त्यावर प्लास्टरचे जबडे आ वासून ओळीने बसलेले. समोरच्या भिंतीला खाऱ्या पाण्याची काचेची टाकी. मामी म्हणतात, "एवढ्या मेलेल्या तोंडांत एखादं जिवंत तोंड असावं, म्हणून मीच हो म्हटलं." टाकी हे श्रीमंतांचे चोचले असं ज्यांना वाटतं, त्यांनी ही टाकी येऊन पाहावी. खालचं टेबल जुन्या दाराच्या फळ्यांचं, बिजागऱ्या अजून तशाच. आत दगड, दगडांवर बोटं हलवल्यासारखे डुलणारे प्रवाळ आणि दोन नारिंगी मासे, जे मामा दिसले की काचेवर येऊन हावरटासारखे तोंड उघडतात.

तोंड उघडलं की त्यात काहीतरी घालायचं, हा मामांचा स्वभाव. माशांना सकाळी खाणं, दुपारी खाणं, मामी बघत नसताना आणखी चिमूटभर. उरलेलं कुजलं, आणि टाकीत शेवाळ आलं. आधी काचेवर हिरवट साय धरली, मग दगडांना दाढी फुटली. मामांनी साहजिकच टूथब्रश घेतला. रोज बाही वर करून दगड घासायचे. रोज दाढी परत. प्रवाळ त्यात घुसमटायला लागले.

"दगडांचे दात घासतोयस का रे?" ताईंनी विचारलं. ताई म्हणजे मामांची थोरली बहीण, टाकीसमोरच्या आरामखुर्चीची कायमची मालकीण. ताईंच्या तोंडात एकही दात नाही आणि भावाने केलेली कवळी त्या घालत नाहीत. ती डब्यात, आणि ताई पाव दुधात बुडवून खातात. कारण विचारलं की म्हणतात, "बोलताना घोडा चालल्यासारखा आवाज येतो."

शेवटी मामा माशांच्या दुकानात गेले. दुकानदार हडकुळा, कमी बोलणारा, सदा ओल्या हातांचा माणूस. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि एका टाकीतल्या काटेरी गोळ्याकडे बोट दाखवलं. जांभळट, लिंबाएवढा, काचेला चिकटून हळूहळू सरकत होता.

"सी-अर्चिन. एक न्या. शेवाळ खातो."

"याला तोंड कुठाय?"

"खालच्या अंगाला. आत पाच दात असतात, एकमेकांना येऊन मिळणारे. दगडसुद्धा खरवडतो."

"दगड? मग झिजत नाहीत?"

"झिजतात. तसेच वाढतही राहतात. मरेपर्यंत."

मामा जवळच्या स्टुलावर बसले. ज्या माणसाचं आयुष्य दुसऱ्यांच्या झिजलेल्या दातांवर गेलं, त्याला असं काही सांगताना जरा हाताला धरून सांगावं. सुताराला म्हणावं की अमुक झाडाला थेट खुर्च्याच लागतात, तसली ही बातमी. मामा वाकले, गोळ्याच्या खालच्या अंगाला बारीक पांढरं टोक उघडमीट करताना पाहिलं आणि त्यांचे डोळे पाणावले. दुकानदाराला वाटलं, मीठ गेलं असेल.

मग मामांचा हिशोब सुरू झाला. आता हा हिशोब जगात दुसऱ्या कुणालाही सुचला नसता. "पूर्ण कवळीला अठ्ठावीस दात लागतात," ते म्हणाले. "पाच पाचे पंचवीस. कमी पडतात. पाच सक तीस. दोन जास्त असू देत. सहा बांध."

"मामा, तुमच्या टाकीला एक पुरे."

"पाच दातांनी कुणाचं पोट भरलंय का रे? एका जबड्यात पाच दात बसवून मी गिऱ्हाइकाला पाठवलं तर तो मला जिवंत सोडेल?"

"ही कवळी नाही हो. सहा झाले तर उपाशी मरतील."

"उपाशी? माझ्या टाकीत गाय पाळता येईल एवढं गवत आहे. तू मासे विक. दातांचं मला शिकवू नकोस."

दुकानदाराने सहा बांधले. अशा माणसाशी वाद घालण्यापेक्षा पिशवीला गाठ मारणं सोपं असतं.

घरी आल्यावर मात्र मामांनी घाई केली नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. पाण्याचा खारटपणा एकदम बदलला तर हे जीव टिकत नाहीत, म्हणून बादलीत सोडून वरून बारीक नळीने टाकीचं पाणी थेंब थेंब. दुपारभर मामा बादलीशी बसून.

"सलाइन लावलंय का?" मामींनी विचारलं.

"तसंच समजा."

"माझ्या तापाला एवढं बसला नव्हतात हो."

सहाही टाकीत गेले आणि कामाला लागले. ज्या वाटेने एक जाई, तिथे मागे स्वच्छ पट्टा उरे, चाकावर पहिल्यांदा पॉलिश फिरवल्यासारखा. वर यांना एक खोड, हाताला लागेल ते उचलून पाठीवर घ्यायचं. शिंपला, खडा, न चिकटवलेला प्रवाळाचा तुकडा. मामांनी तो तुकडा काढून जागेवर चिकटवला, तर दुसऱ्याने मामांच्या हातून टाकीत पडलेला नमुन्याचा सुळा उचलला आणि मिरवायला सुरुवात केली. मामांना हा आपल्या धंद्याचा सन्मान वाटला. त्यांनी तो सुळा परत मागितला नाही.

दगडांची दाढी उतरली. काच दिसेनाशी झाली, इतकी लख्ख. गल्लीतले लोक बघायला येऊ लागले आणि मामा प्रत्येकाला तोच हिशोब सांगू लागले, अठ्ठावीस हवेत, तीस आहेत. "पाहिलंत? दुकानदार म्हणत होता एक पुरे." मामांची छाती शर्टाच्या गुंड्यांना झेपेना.

शेवाळ संपलं. तरी तीस दात थांबले नाहीत. दगडांवर वर्षानुवर्षं चढलेला जांभळा-गुलाबी थर होता, तोही खरवडून निघाला. दगड पांढरेफटक, उकडलेल्या अंड्यासारखे. मामांना ते टेबलावरच्या प्लास्टरसारखे दिसले आणि आवडलेसुद्धा. माणूस स्वतःच्या चुकीच्या प्रेमात पडला की तिला किती कौतुकाने बघतो.

खुर्चीतून आधी दिसलं ते ताईंना.

"अरे, खाली काटे पडलेत."

"माणसाचे केस नाही का गळत?"

"त्या सहांतल्या धाकट्याला बघ तरी. टक्कल पडतंय त्याला. आणि पकड नाही राहिली त्याची, पाण्याच्या धारेने हलतोय."

मामांनी हात घातला. एरवी काचेवरून ओढून निघायचा नाही असा तो लहानगा, बोट लावताच सुटून हातात आला.

"भूक लागलीय त्यांना," ताई म्हणाल्या. "चावायला काही नसलं की कसं होतं, ते मला विचार."

"तुला कवळी दिलीय मी."

"मला खायला आहे, दात नाहीत. त्यांना दात आहेत, खायला नाही. दोन्ही कामं तुझ्याच हातची."

आता मामांना दुकानात जाणं भाग होतं. तिथे जाऊन तोंड कसं दाखवायचं, या विचाराने ते कोपऱ्यावरून दोनदा मागे फिरले. पण हातावर तो टकलू गोळा सुटून आल्याचं जाणवत होतं ना. गेले.

दुकानदाराने मान वर केली. "बसली का कवळी नीट?"

अशा वेळी एरवी मामांनी दुकान डोक्यावर घेतलं असतं. त्या दिवशी नुसतं "सैल झाली," म्हणाले. "परत घे."

"घेतले असते. पण माझ्या टाक्यांत माशांचं औषध घातलंय, तांब्याचं. त्यात हे दिवसभर टिकणार नाहीत." त्याने वाळवलेल्या समुद्री शेवाळाच्या पातळ पानांचं पाकीट पुढे केलं. "हे चिमट्याने काचेला लावा, खातील. पण सहा जणांना पुरेल एवढं घालाल तर उरलेलं कुजून पाणी नासेल. एक ठेवा. बाकीच्यांना हिरवीगार टाकी शोधा." आणि ओळखीच्या टाकीवाल्यांचे पत्तेही त्यानेच सांगितले.

शेवाळाशी हातघाईवर आलेला हा माणूस आता पाच अर्चिन झाकणाच्या बादलीत घेऊन दारोदार शेवाळ शोधत निघाला. आणि इथेच खरी गंमत आहे, जिचा राग यायला हवा. कुणाच्याच घरी शेवाळ नव्हतं.

चष्म्याच्या दुकानाच्या बाईंनी टाकीवर चादर टाकली होती. "मासे झोपलेत."

"भर दुपारी?"

"आमचे झोपतात."

निवृत्त मुख्याध्यापकांनी दार अर्धंच उघडलं. "शेवाळ? आमच्या घरात शिस्त आहे."

"मग मागे ते हिरवं काय आहे, सर?"

"ती सजावट."

"सजावट डुलतेय."

दार बंद. मामा जिन्यात दात खात उभे राहिले, बादलीतले पाच जण मात्र तेवढंही खाऊ शकत नव्हते. लोक कर्ज लपवतात, आजार लपवतात, ते एक वेळ समजू शकतं. पण दगडावर उगवलेलं गवत लपवायचं, आणि दारात उपाशी जीव उभा असताना? कसली ही अब्रू?

नाच शिकवणाऱ्या बाईंनी तेवढं दार सताड उघडलं. "या, या. जंगल झालंय, बघवत नाही." टाकी खरंच जंगल होती. मामांनी त्यांना असा नमस्कार केला की त्या संकोचल्या. तिथे सुळावाला गेला, सुळ्यासकट. उतरताक्षणी त्याने जो सपाटा लावला, तो मामा निघायचं विसरून बघत बसले.

मग एके सकाळी चष्मेवाल्या बाई स्वतः आल्या. पिशवीत पाणी, पाण्यात एक दगड, दगडाला हिरव्या बटाच बटा. "माझा नाही हं. मैत्रिणीच्या टाकीतला."

"बरं. मैत्रीण एक अर्चिन नेईल का?"

"विचारते," म्हणाल्या, आणि त्याच दमात, "हो म्हणतेय."

मामींनी पदर तोंडाला लावला. मामा हसले नाहीत. दगड त्यांनी सोनं असल्यासारखा दोन्ही हातांनी घेतला आणि धाकट्याच्या शेजारी ठेवला. बराच वेळ काहीच झालं नाही. ताई खुर्चीत पुढे सरकून बघत होत्या. मग टकलू गोळ्याखालून दोन-चार नाजूक तंतूपाय बाहेर आले, चाचपडले आणि दगडाला धरून बसले.

"धरलं रे त्याने," ताई म्हणाल्या.

पण एक दगड किती दिवस पुरणार? एक मामांकडे राहणार, दोघांची सोय झाली. तिघे अजून पांढऱ्या दगडांवर फिरताहेत, चिमट्यातलं पान आळीपाळीने कुरतडताहेत, आणि त्या तिघांत धाकटा आहे. मामा आता हिशोब सांगत नाहीत. कुणी आलं की बोटं पुसतात आणि विचारतात, "तुमच्याकडे टाकी आहे का?"

तर तुमच्याकडे खाऱ्या पाण्याची टाकी असेल आणि दगडांवर हिरवं धरलं असेल, तर लाजू नका. कवळ्यांच्या खोलीत या, येताना झाकणाचं भांडं आणा, टाकीत तांब्याचं औषध कधी घातलं असेल तर दारातच सांगा. एकच न्या, आणि जमलं तर धाकट्याला आधी न्या.