गाठीचे शेजारी

नीला गेल्याचं मी लॅबमध्ये कळवलंच नव्हतं. भारतातल्या नातेवाइकांना फोन झाले, शिकागोहून आलेला मुलगा परत गेला आणि मी जरा कुठे टेकलो, तेवढ्यात ईशाचा फोन आला. ह्यूस्टनच्या ज्या लॅबला माझ्या बायकोनं आपल्या मेंदूतली गाठ देऊन टाकली होती, तिथली ही संशोधक. जन्म इथलाच, पण घरात मराठी. "काका, काकूंना सांगा ना, त्यांचं सँपल एकदम मस्त ग्रो होतंय!"

"काकू गेल्या, बाळ," मी म्हणालो.

पलीकडून रडल्याचा आवाज आला. शेवटी ती कसंबसं म्हणाली, घरच्यांना नको असेल तर आम्ही हे थांबवू. तिची काही चूक नव्हती. तरी फोन ठेवल्यावर मला असा संताप आला, की ह्यूस्टनजवळच्या आमच्या शुगर लँडच्या त्या भाजणाऱ्या उन्हात मी उगाच लॉन कापत सुटलो. माझी बायको नेणारी गाठ मस्त वाढत होती!

देणं हा नीलाचा स्वभाव, पण अट घालून देणारी. ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी विचारलं, गाठीचा तुकडा संशोधनाला द्याल का? मी विचारात पडलो, हिनं पेन उचललं. "देते. पण मला बघायला बोलवायचं." नमुन्यावर नाव नसतं, नुसता नंबर असतो, असं त्यांनी समजावून पाहिलं. हिच्यापुढे कुणाचं चालतंय? माझंही संसारात कधी चाललं नाही. शेवटी डोक्याला स्कार्फ बांधून बाईसाहेब लॅबमध्ये हजर! ईशानं प्रिंटर दाखवला. शाईच्या जागी जिवंत पेशी मिसळलेली जेली, बारीक सुईतून थरावर थर घालत जाणारी. नीला बघत राहिली आणि म्हणाली, "अगं, हा तर सोऱ्या! चकल्या तेवढ्या बारीक पडतायत." मग मायक्रोस्कोपमधून स्वतःची गाठ बघितली. गाडीत बसल्यावर म्हणाली, "दिसायला चांगली आहे रे, मेली." आम्ही फ्रीवेवर वेड्यासारखे हसलो.

पुढे तिचे शब्द जायला लागले. आधी इंग्रजी गेलं, मग माझं नाव... शेवटी ती नुसती हात धरून बसायची. ती गेल्यावर भेटायला येणारे चांगल्या मनानंच म्हणायचे, "वहिनी त्या लॅबमध्ये अजून आहेतच म्हणायच्या." माझं डोकं सणकायचं. अहो, नीला नाही उरलेली, तिला खाणारी उरली आहे! नीला असती तर मी रोज सिंकपाशी उभ्यानं ब्रेड खाल्ला असता का? मी ठरवलं, जाऊन तोंडावर सांगायचं, फेकून द्या ते.

ईशानं ऐकून घेतलं. "तुम्ही म्हणाल तर आजच थांबवू, काका. फक्त एकदा बघा, प्लीज." एका सपाट ताटलीत नुसत्या गाठीच्या पेशी होत्या. दुसरीत प्रिंट केलेला तुकडा, मधे गाठ आणि भोवती रक्तवाहिन्यांच्या, मेंदूतल्या साध्यासुध्या पेशी. "एकट्या ठेवल्या की औषधानं मरतात. आम्ही एवढे एक्सायटेड होतो, आणि मग पेशंटला दिलं की काही कामच करत नाही. आजूबाजूला हे नेबर्स असले ना, तरच ती गाठ काकूंच्या डोक्यात वागायची तशी वागते." नीलाला दिलेलं औषध त्यांनी या तुकड्यावर टाकून पाहिलं होतं. इथंही ते हरलं होतं.

"म्हणजे आधीच असं बघता आलं असतं तर..."

"मे बी, काका. प्रॉमिस नाही करू शकत."

खोटा धीर दिला नाही पोरीनं. पुढच्या कुणाच्या तरी घरात एक माणूस सिंकपाशी उभा राहू नये, एवढंच माझ्या मनात आलं. "वाढवा," मी म्हणालो. "आणि एकदाची जिरवा तिची."

मी गाडीपाशी पोचतोय तोच ईशा मागून पळत आली. हातात स्टीलचा डबा. त्या भेटीत मी गाडी आणायला गेलो, तेवढ्यात नीलानं सगळ्यांना कॉरिडॉरमध्ये बोलावून बेसनाचे लाडू खायला घातले होते म्हणे. मला पत्ताच नव्हता. "काकू म्हणालेल्या, डबा रिकामा परत द्यायचा नसतो. मला काही बनवता येत नाही, म्हणून राहूनच गेला." आत व्हेंडिंग मशीनमधल्या बिस्किटांचं एक पाकीट होतं. ते मी गाडीतच संपवलं. अर्धं कुणाला द्यायचं, हा प्रश्नच नव्हता.

घरी डबा धुताना बुडाशी कोरलेली अक्षरं हाताला लागली. नीलाच्या आईनं लग्नात दिलेला हा डबा, त्यावर 'सौ. नीलिमा'. लॅबमधल्या त्या ताटलीवर नुसता नंबर होता. आता डबा ओट्यावर पालथाच ठेवतो, म्हणजे नाव वर राहतं. सकाळी चहा टाकताना मी ते मोठ्यानं वाचतो. दिवसभरात या घरात तेवढंच काय ते माणसाचं बोलणं होतं.