गाण्यांना आराम देणारे अप्पा

आमचे कॅसेटवाले अप्पा गाण्यांना आराम देत असत. सारंगखेड्याच्या स्टँडजवळ मोबाइलमध्ये गाणी भरून देण्याचं त्यांचं दुकान होतं. एकच गाणं दोन गिऱ्हाइकांना दिलं, की तिसऱ्याला सांगायचे, "आज नही भाऊ. थकी गयं ते. सकाय ये."

सगळी उमर कॅसेटी भरण्यात गेलेली. टेप वाजून वाजून घासते, कॉपीची कॉपी घोगरी होते, हे त्यांच्या हाडीमाशी खिळलेलं. कॉम्प्युटर आला तरी नियम तोच. प्रत्येक गाण्याच्या वीस-पंचवीस प्रती करायचे आणि बैल पाळीपाळीने जुंपावेत तशी रोज एकेक वापरायचे. पहिल्या प्रतीला तर हातही लावत नसत. मी हायस्कुलात कॉम्प्युटर शिकवतो. फाइल घासत नाही, हे मी त्यांना कागदावर आकृत्या काढून समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मास्तर, तुमी कितल्या कॅसेटी भऱ्यात आजलगुन?" मी आकृत्यांचा कागद घडी करून खिशात घातला.

शेवटी कॉम्प्युटर गच्च भरला, सुरू व्हायलाच अर्धा तास घेऊ लागला. एका दुपारी अप्पा जेवायला गेलेले पाहून मी एकसारखी गाणी हुडकणारं सॉफ्टवेअर लावलं आणि प्रत्येकाची एकेक प्रत ठेवून बाकीच्या उडवल्या. मशीन सुसाट पळू लागलं. शाबासकीच्या आशेने मी वाट पाहत बसलो.

अप्पा आले आणि त्यांनी सरळ 'घर' नावाचा फोल्डर उघडला. बायकोला ते नावाने हाक मारत नसत, 'घर'च म्हणत. काकू वारल्या होत्या. कानबाई देवीच्या सणाला त्यांनी म्हटलेलं एक गाणं अप्पांनी देवीजवळच टेपरेकॉर्डर ठेवून टेप केलं होतं, तेवढाच त्यांचा आवाज मागे उरला होता. रोज त्याची एक प्रत ऐकायची, असा अप्पांचा नेम.

"मास्तर, एकच ठेवं?"

"आत्ता वीस करून देतो, अप्पा!"

"हात नका लावू! कॉपी कराले गयं का ते बी घसाई."

त्या दिवसापासून त्यांनी ते गाणं ऐकणंच सोडलं. मला त्यांच्या अडाणीपणाचं हसू यायचं आणि स्वतःच्या शहाणपणाची चीड. माझ्यामुळे एक माणूस बायकोच्या आवाजाला मुकला होता.

पुढच्या श्रावणात गल्लीची कानबाई त्यांच्याच घरी बसली. संध्याकाळी बाया जमल्या. काकूंचं ते गाणं पोरींना येत नव्हतं, म्हाताऱ्यांना दोन ओळींपुढे आठवेना. अप्पा उठले, दुकानातून कॉम्प्युटर आणि स्पीकर उचलून आणला, देवीजवळ मांडला.

"लावा मास्तर. घसाई गयं ते घसाई गयं. पोरीसले येवाले पायजे."

आवाज खणखणीत लागला. पोरी मागोमाग म्हणू लागल्या. तेवढ्यात स्पीकरमधून काकू मधेच गाणं तोडून कडाडल्या, "आवो, ते डबडं बाजूले करा, दिवा पडी जाई!"

बाया खो खो हसल्या. अप्पा मात्र लगबगीने उठले, दिव्याजवळचा स्पीकर दोन्ही हातांनी उचलला आणि भिंतीकडे सरकवला.