मासे, दूध आणि आत्याबाई

लग्न होऊन मी बारामतीहून कळसला आले, ती नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. सासरी ऊस होता, गोठ्यात दोन म्हशी आणि एक जर्सी गाय होती, दुधाला काही तोटा नव्हता. तरी माझ्या सासूबाई कोरा चहा प्यायच्या. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात. मला पहिल्यांदा वाटलं, आवड असेल एकेकाची.

आत्याबाईंच्या दोन्ही हातांवर मनगटाच्या वरपर्यंत कोड होतं. ओठांच्या कडेलाही थोडं होतं. त्या स्वतः त्यावर विनोद करायच्या. "भाकरी थापताना हाताला पीठ लागलंय का न्हाय, कळतच न्हाय बघ," म्हणायच्या. बाई हसरी होती. पण गावातल्या लग्नात पंगत बसली की त्या वाढायला उठत नसत, आणि कुणी उठा म्हणतही नसे.

आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. घरात मटण शिजायचं, कोंबडी शिजायची, पण मासळी कधी येत नव्हती. उजनीचं पाणी एवढं जवळ, बाजारात ढिगानं मासे, आणि आमच्या चुलीवर एकही नाही. नवऱ्याला विचारलं तर म्हणाला, "आईला चालत नाही."

एका दुपारी आम्ही दोघी बियाण्यासाठी शेंगा फोडत बसलो होतो, तेव्हा आत्याबाईंनीच सांगितलं. त्यांचं माहेर भीमेच्या काठावरचं. ते गाव पुढं धरणाच्या पाण्याखाली गेलं. लहानपणी त्यांच्या घरी रोज मासे असायचे. मरळ म्हणजे तर त्यांचा जीव की प्राण. लग्नानंतर पहिलं बाळंतपण झालं आणि करंगळीपाशी पांढरा ठिपका उमटला. तो वाढत गेला. तेव्हा त्यांच्या थोरल्या जाऊबाई चारचौघींत म्हणाल्या, "म्हायेरास्नं आली त्या दिशी ही मासं खाऊन वर दूध प्याली. म्या डोळ्यानं बघितलं."

झालं. मासे खाऊन दूध प्यायलं की कोड उठतं, हे तर गावात सगळ्यांनाच ठाऊक होतं. मासे बंद झाले, दूध बंद झालं. पांढरं म्हणून दहीही गेलं.

"पण तुम्ही प्यायला होता का खरंच?" मी विचारलं.

"कोण जाणं बाई," त्या म्हणाल्या. "इतक्यांनी म्हणलं, की मलाबी वाटाया लागलं, प्याले आसंल."

मी शाळेत शिकवत होते. कोड स्पर्शानं होत नाही, एवढं मला ठाऊक होतं. पण माशांचं आणि दुधाचं मीही लहानपणापासून ऐकलेलं, त्यामुळे छातीठोकपणे काही सांगता येईना.

पुढं मला मुलगी झाली. बाळंतपण माहेरी झालं. तिला घेऊन कळसला परतले तेव्हा आत्याबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, तोंडभर हसल्या, आणि दोन हात लांब उभ्या राहिल्या. मी बाळ पुढं केलं तशा मागं सरकल्या.

"आंघोळ तूच घालत जा," म्हणाल्या. "माझं हात नगं लावाया कवळ्या अंगाला."

त्यांचे ते हात पदराखाली गेलेले मला बघवेनात. दुसऱ्या आठवड्यात मी त्यांना म्हटलं, "आत्याबाई, बारामतीला जाऊ. कातडीच्या डॉक्टर आहेत तिथं एक."

"आता इतक्या वर्सांनी औषद कशाला?"

"औषधाला नाही, विचारायला."

एसटीनं गेलो. डॉक्टरीणबाई साधारण माझ्याच वयाच्या होत्या. त्यांनी आत्याबाईंचे हात स्वतःच्या हातात घेतले, उजेडाकडं वळवून पाहिले आणि बोलता बोलता तसेच धरून ठेवले. आत्याबाई त्या हातांकडंच बघत राहिल्या.

"कधीपासून आहे? कशानं झालं असं वाटतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"मासं खाऊन दूध प्याले व्हते म्हणत्यात."

डॉक्टर हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आजी, तुमच्या गावात माळकरी असतील. माशाला न शिवणारे. त्यांच्यात कुणाला कोड आहे का?"

आत्याबाई म्हणाल्या, "हाय की! आमच्या वरल्या आळीच्या माळकऱ्याच्या पोराला हाय. त्याच्या तर सात पिढ्यांत कुनी मासा खाल्ला न्हाय."

"मग त्याला कशानं झालं? आणि तिकडं बंगालात माशाच्या कालवणात दही घालतात. सगळा मुलूख पांढरा व्हायला पाहिजे होता. कातडीला रंग देणाऱ्या पेशी असतात, आपलं शरीरच त्या मारायला लागतं, म्हणून डाग पडतो. खाण्यापिण्यानं नाही, कुणाच्या पापानं नाही. शिवल्यानंही दुसऱ्याला होत नाही. इतकी वर्षं मालकांबरोबर संसार केलात, त्यांना झालं का?"

"त्यास्नी न्हाय झालं," आत्याबाई म्हणाल्या. "ते हायेत तसं काळंच हायेत."

आता मात्र डॉक्टर खळखळून हसल्या. इतके जुने डाग मलमानं जातीलच असं नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. उन्हात हात झाका म्हणाल्या. निघताना मी मुद्दाम विचारलं, "आणि नातीला आंघोळ घातली तर?"

"घाला की. रोज घाला."

परतीच्या एसटीत आत्याबाई खिडकीपाशी बसल्या होत्या. उसाची रानं मागं जात होती. मग माझ्याकडं न बघताच म्हणाल्या, "म्हंजी म्या काय केलंच न्हवतं."

घरी आल्यावर मी सासऱ्यांना सगळं सांगितलं. मामंजी कमी बोलणारे. त्यांनी नुसतं "आसं व्हय" म्हटलं. पण रविवारी ते सकाळीच सायकल घेऊन गेले आणि दुपारी परतले ते हँडलला पिशवी अडकवून. पिशवीत मरळ होती.

आत्याबाईंनी मला हात लावू दिला नाही. अंगणात बसून राख लावून मासा धरला, खवले काढले, तुकडे केले. एवढ्या वर्षांत हात काही विसरले नव्हते. कालवणाचा वास भिंतीपलीकडं गेला आणि घराच्या त्यांच्या वाटणीच्या खणातून थोरल्या जाऊबाई बघायला आल्या. त्या तेव्हा चांगल्याच थकल्या होत्या. त्यांनाही ताट वाढलं.

जाऊबाई अजून जेवत होत्या. आपलं ताट संपवून आत्याबाई म्हणाल्या, "आता एक पेला दूध दे गं."

मी दूध आणलं. माझ्या नवऱ्यानं स्वतःपुढचा ताकाचा पेला हळूच बाजूला सारला, ते मी पाहिलं. आत्याबाई घोट घोट करत सगळं दूध प्यायल्या, पदरानं ओठ पुसले आणि जाऊबाईंकडं वळल्या.

"आक्का, खरं सांगा. तवा तुमी बघितलं व्हतं का मला दूध पिताना?"

जाऊबाईंनी मासा चिवडला. मग म्हणाल्या, "न्हाय गं. समद्या इचारत व्हत्या, आसं कशानं झालं. कायतरी सांगाया पायजे म्हणून म्हणलं. मग मलाबी खरंच वाटाया लागलं."

मला वाटलं, आता भांडण पेटणार. आत्याबाईंनी कालवणाचं पातेलं पुढं ओढलं.

"काटा बघून खावा," एवढंच म्हणाल्या, आणि त्यांच्या ताटात आणखी एक तुकडा वाढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी न्हाणीत पाय पसरले, पायांवर माझ्या लेकीला पालथी घातली आणि तेल लावलं. पोरगी आधी रडली, मग निवांत झाली. मी दाराशी उभी होते. पाणी उपसून द्यायला त्यांनी मला दोनदा हाक मारली, तेव्हा कुठं मी भानावर आले.

डाग गेले नाहीत. मलम त्यांनी काही महिने लावलं आणि सोडून दिलं. गावही एकदम बदललं नाही. काही बायका पुढचे कितीतरी दिवस त्यांच्या ओठांकडं निरखून बघायच्या, कोड वाढलंय का म्हणून. ते वाढलं नाही. हळूहळू बायकांनी बघायचं सोडलं. चुलत दिराच्या लग्नात आत्याबाई बुंदीचं घमेलं घेऊन पंगतीत उतरल्या. एका म्हातारीनं पत्रावळीवर हात आडवा धरला. आत्याबाई तिला ओलांडून पुढच्या पानावर गेल्या.

त्यानंतर वर्षा-दोन वर्षांनी शेजारच्या वस्तीवरची एक बाई तिच्या उपवर मुलीला घेऊन आली. मुलीच्या मानेवर फिकट डाग होते आणि आई रडकुंडीला आली होती. आत्याबाईंनी ते डाग उन्हात पाहिले आणि म्हणाल्या, "आगं, परतेक पांढरा डाग कोड नसतोय. आन कोड आसलं तरी पोरगी काय वाया गेली न्हाय. आधी दाक्तराला दाखवा, मग रडा."

डॉक्टरांना दाखवल्यावर ती नुसती शिबं, म्हणजे घामानं उठणारी बुरशी, निघाली, थोड्या दिवसांत गेली. मुलीची आई आनंदानं टोपलीभर पेरू घेऊन आली. आत्याबाईंनी एक उचलला, तिथंच ओसरीवर बसून खाल्ला, आणि गोड आहेत म्हणून बाकीचे आम्हाला वाटले.