गाठ स्नायूपर्यंत पोचलेली नाही

“मूत्राशयात गाठ आहे. कॅन्सरची असावी असं वाटतंय,” सोनोग्राफीचा रिपोर्ट बाजूला ठेवत डॉक्टर म्हणाले.

मी शहर बसमध्ये कंडक्टर होते. गर्दी, भांडणं, सुट्ट्या पैशांची कटकट, सगळ्याला पुरून उरलेली बाई. पण त्या खुर्चीत मी नुसता पदर पिळत बसले. शेजारी बसलेल्या माझ्या सुनेनं, पल्लवीनं, विचारलं, “किती पसरलीय, सर?”

लघवीतून रक्त अधूनमधून जातच होतं. दोन दिवस गुलाबी, मग कित्येक आठवडे स्वच्छ. दुखत काहीच नव्हतं. नेहमीच्या डॉक्टरांनी इन्फेक्शनच्या गोळ्या दिल्या, रंग गेला, मीही विषय सोडला. घरात कोणाला सांगायचं, आणि कसं? एकदा फ्लश नीट झाला नाही आणि पल्लवीनं ते पाहिलं. ती नागपूरची, हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनीत आहे. कंपनीची बस सोडून ती माझ्यासमोर उभी राहिली.

“आई, हे रक्त तुमचं आहे ना? काहून नाही सांगितलं?”

“एवढं काही नाही गं.”

“मग तसं डॉक्टरांना म्हणू द्या.”

म्हणून आम्ही तिथे पोचलो होतो.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. मूत्राशयाच्या भिंतीला थर असतात. आत अस्तर, त्याखाली स्नायू. गाठ अस्तरापुरती असेल तर मूत्रमार्गातून दुर्बीण घालून ती खरवडून काढता येते. स्नायूत शिरली असेल तर बहुतेक वेळा मूत्राशयच काढावं लागतं.

“मग लघवी कुठून?” मी विचारलं.

“पोटावर पिशवी लावावी लागू शकते.”

कॅन्सर शब्दानं रडले नव्हते, पण तेव्हा डोळे भरून आले. पिशवीवरून साडी कशी नेसायची, एवढंच डोक्यात फिरत राहिलं.

“आधी कॉन्ट्रास्ट एमआरआय करू,” डॉक्टर म्हणाले. “एकदा खरवडलं की आत सूज येते. मग सूज कुठली आणि गाठ कुठली, ते सांगणं अवघड जातं.”

याला स्टेजिंग म्हणतात, म्हणजे आजार कुठवर गेलाय ते ठरवणं. कॉन्ट्रास्ट हे शिरेतून देतात ते औषध. त्यानं गाठ फोटोत लवकर उजळते, स्नायू मात्र थोडा वेळ काळ्या रेघेसारखा राहतो. ती रेघ अखंड आहे की मध्येच तुटलीय, हे बघायचं. त्याआधी क्रिएटिनिन तपासतात. किडनी ठीक आहे ना, ते त्यातून कळतं.

एमआरआयच्या दिवशी बांगड्या, मंगळसूत्र, जोडवी सगळं काढून पल्लवीच्या हातात दिलं. तिथल्या टेक्निशियन बाई म्हणाल्या, “मूत्राशय थोडं भरलेलं हवं. धरून ठेवता येईल ना?”

मला हसूच आलं. “अहो, बस स्टँडवर बायकांसाठी धड जागा नसायची. अख्खी नोकरी धरून ठेवण्यात गेली.”

“मग आज तेवढंच करा. फक्त हलू नका.”

कानाला हेडफोन होते, तरी ठोकाठोक ऐकू येत होती. हातातून औषध गेलं, तेव्हा गार काहीतरी दंडापर्यंत चढल्यासारखं वाटलं. आणि नेमकी तेव्हाच जोराची लागली. मुठीत रबरी फुगा होता. दाबला की थांबवतील, पण मग पुन्हा पहिल्यापासून. मी डोळे मिटले आणि मनात स्टॉप पुकारू लागले. स्वारगेट, लक्ष्मीनारायण, पद्मावती, बालाजीनगर, कात्रज. परत स्वारगेट. किती फेऱ्या झाल्या कोण जाणे.

“झालं हं, आजी.”

“आजी नंतर म्हणा. आधी बाथरूम कुठाय ते सांगा!”

रिपोर्टच्या दिवशी पल्लवी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती, पण बोटं हलत नव्हती. डॉक्टरांनी फोटो पडद्यावर लावला आणि पेनानं दाखवलं. “ही उजळ दिसतेय ती गाठ. आणि ही काळी रेघ, बघा, कुठेही तुटलेली नाही. गाठ स्नायूपर्यंत पोचलेली दिसत नाही. मात्र शेवटचा शब्द बायोप्सीचा.”

इतके दिवस खंबीर राहिलेली पल्लवी तिथेच हुंदके देऊन रडायला लागली. मी तिला जवळ घेतलं. माझे खांदे कितीतरी दिवसांनी सैल पडले होते.

मग गाठ दुर्बिणीनं खरवडून काढली. त्या ऑपरेशनला टीयूआरबीटी म्हणतात, पोटावर टाका नाही. कमरेत भुलीचं इंजेक्शन दिलं, नंतर लघवीची नळी होती. नळीला जोडलेल्या पिशवीतलं लाल पाणी हळूहळू फिकं होत गेलं, ते बघत पडून राहिले. बायोप्सीत स्नायू मोकळा निघाला. पेशी मात्र आक्रमक जातीच्या होत्या. गाठ परत येऊ नये म्हणून दर आठवड्याला मूत्राशयात बीसीजीचं औषध सोडलं. क्षयाची लस असते, तेच. त्या दिवशी जळजळ व्हायची, अंग कसकसायचं. आता ठरावीक काळानं सिस्टोस्कोपी असते, म्हणजे दुर्बिणीनं आत बघणं. आतापर्यंत स्वच्छ आहे.

गेल्या महिन्यात आम्ही जुन्या कंडक्टर मैत्रिणी चहाला जमलो. तब्येतीचा विषय निघाला, तेव्हा मी सगळं सांगितलं. लघवी, रक्त, नळी, सगळं.

“अगं, हळू बोल,” एक जण कुजबुजली.

“का? हळू बोलत राहिले, म्हणूनच उशीर झाला.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्यातल्याच सुनंदाचा फोन आला. आवाज अगदी खाली. “तू काल म्हणालीस ना... माझं पण दोनदा तसं झालंय. दुखत नाही गं, म्हणून मी म्हटलं...”

“माझंही दुखत नव्हतं,” मी म्हणाले. “आवरून तयार राहा. मी रिक्षा घेऊन येतेच.”